रस्ता आणि रस्सा : पिंपरी-चिंचवड ते चाकण, मटण-भाकरीच्या हॉटेलांचा इतिहास

पिंपरी-चिंचवडचा इतिहास आजवर कारखान्यांच्या अंगाने लिहिला गेला. कोणती कंपनी कधी आली, किती एकर जमीन गेली, कोणता संप किती दिवस चालला, हे सारे नोंदलेले आहे. पण ज्या माणसांनी हे कारखाने चालवले ती जेवली कुठे, काय जेवली आणि कोणाच्या शेजारी बसून जेवली, याची नोंद फारशी सापडत नाही. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशीमार्गे चाकणकडे निघाले की ‘चुलीवरचे मटण’, ‘गावरान थाळी’, ‘खास बोल्हाईचे मटण’ अशा पाट्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. या पाट्यांचा मागोवा गेली काही वर्षे मी घेत आलो आहे. पट्ट्याचा जो इतिहास कंपन्यांच्या अहवालांत येत नाही तो या पाट्यांवर वाचता येतो, असे माझे मत झाले आहे.

जत्रेतले मटण

हा सारा मुलूख देहू आणि आळंदी यांच्यामधला. एकीकडे तुकोबा, दुसरीकडे ज्ञानोबा. घराघरांत माळकरी. तरीही गावच्या जत्रेला, नवसाला, कंदुरीला बोकड पडे आणि आषाढ सरता सरता आखाडाचे जेवण होई. मटण हे रोजचे अन्न नव्हते, ते प्रसंगाचे अन्न होते. घरातला रोजचा स्वयंपाक बायकांचा. जत्रेचे मटण मात्र पुरुष शिजवत. उघड्या रानात तीन दगडांची चूल मांडून, मोठ्या पातेल्यात. वाटणाला निखाऱ्यावर भाजलेला कांदा आणि सुके खोबरे. भाकऱ्या मात्र घराघरांतून बायकाच थापून पाठवत. आजच्या हॉटेलातली कामाची वाटणी पाहिली तर हीच जुनी रीत तिथे कायम आहे.

‘बोल्हाईचे मटण’ ही पाटी तर पुणे जिल्ह्याबाहेरच्या माणसाला कोडेच वाटते. हवेली तालुक्यातल्या वाडे बोल्हाईची देवी ज्यांचे दैवत, अशी अनेक घराणी शेळी-बोकडाचे मटण खात नाहीत. त्यांना मेंढीचे चालते. तेव्हा बोल्हाईचे मटण म्हणजे मेंढीचे मटण. कारखानदारीच्या ऐन भरात हायवेवरच्या हॉटेलवाल्याला ही पाटी लावावी लागते, याचा अर्थ गिऱ्हाइकाने गावची शेती सोडली असली तरी कुळाचार सोडलेला नाही.

कँटीन आणि खाणावळ

फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिनच्या कारखान्याने या माळरानाचे नशीब बदलले. 1960 नंतर आकुर्डीला बजाज, 1966 मध्ये टेल्को, 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड असे करत 1970 साली नगरपालिका आणि 1982 साली महानगरपालिका झाली.

सातारा, सांगली, सोलापूर, कोकण, मराठवाडा इथून तरुण येत गेले. बहुतेक एकटे. एका खोलीत चार-सहा जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांचे एक जेवण कँटीनमध्ये होई. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 46 नुसार अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन चालवायला सरकार भाग पाडू शकत होते. आज ही तरतूद किरकोळ वाटते, पण गावात ज्याच्या पंगतीला बसायचे नाही त्याच्या शेजारी स्टीलचे ताट घेऊन बसायची सवय अनेकांना या कँटीनने लावली.

दुसरे जेवण खाणावळीत. महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी किंवा बुधवारी मटण-अंडी, पाहुणा आला तर जादा ताट. मुंबईच्या गिरणगावात अशा खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यामुळे गिरणगावच्या खाणावळवाल्या इतिहासात आल्या. आपल्या पट्ट्यातल्या खाणावळवाल्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

जमीन गेली, रस्ता उरला

खाणावळ गल्लीत असते, हॉटेल रस्त्यावर. हा फरक महत्त्वाचा आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आणि पुणे-नाशिक रस्त्यावर आधी ट्रकवाल्यांचे ढाबे आले. खाट, तंदूर, तंदुरी रोटी, दालफ्राय. फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांबरोबर दिल्लीतून देशभर पसरलेला तंदूर या रस्त्यांनीच आपल्याकडे आला. मटण-भाकरीचे हॉटेल हे त्याला दिलेले मराठी उत्तर होते.

हे उत्तर चाकणच्या बाजूला जोरात उमटले. कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण 1999 मध्ये बजाजचा कारखाना आल्यावर बदलू लागले. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले आणि बदल पुरा झाला. औद्योगिक क्षेत्रासाठी जमिनी गेल्या. मोबदला आला, काही घरांत टिकला, काही घरांत गाड्या आणि लग्नांत वाहून गेला. रस्त्याकडेचा पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा मात्र अनेकांकडे उरला. ज्याला कंपनीत कायमची नोकरी मिळाली नाही त्याने तिथे पत्र्याची शेड टाकली. शिजवणे येत होते, कारण जत्रेत शिजवलेले होते. या हॉटेलांची एवढी दाटी केवळ खवय्यांच्या हौसेने झालेली नाही. शेती हातची गेलेल्या शेतकऱ्याने रस्त्यावर काढलेले हे नवे पीक आहे, असे माझे अनुमान आहे.

आणि ‘गावरान’ म्हणजे तरी कोणते गाव? एका थाळीत कोल्हापूरचा पांढरा रस्सा, सोलापूरकडची ज्वारीची भाकरी, इकडची बाजरी, मावळातला इंद्रायणी भात आणि देशावरचा खर्डा एकत्र नांदतात. अशी थाळी कोणत्याच एका गावात कधी वाढली गेली नव्हती. कामगार ज्या-ज्या जिल्ह्यांतून आले त्या जिल्ह्यांची ती हजेरीपटावरची नोंद आहे.

अलाबामातले एक हॉटेल

याच जातीची खाद्यसंस्कृती अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आहे. तिकडे तिला बार्बेक्यू म्हणतात. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा ‘बार्बाकोआ’ हा शब्द स्पॅनिश भाषेतून इंग्रजीत गेला. लाकडाच्या मंद आचेवर तासन्‌तास भाजलेले मांस हे तिथेही आधी मेळाव्याचे, सणाचे अन्न होते. मोटारी आल्या तसे ते रस्त्यावर आले. 1921 मध्ये टेक्सासच्या डॅलसमध्ये ‘पिग स्टँड’ सुरू झाले. गाडीत बसल्या-बसल्या भाजलेल्या डुकराच्या मांसाचे सँडविच तिथे हातात मिळे. मोटारीने जत्रेचे अन्न हमरस्त्यावर आणले, हे डॅलसइतकेच चाकणलाही खरे आहे. फरक इतकाच, की चाकणला मोटारी बनतातही.

पण मला सांगायची गोष्ट वेगळी आहे. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात ‘ऑलीज बार्बेक्यू’ नावाचे साधे घरगुती हॉटेल होते. काम करणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय. तरी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत बसून जेवायला मनाई. त्याने बांधून न्यायचे. 1964 मध्ये नागरी हक्क कायदा झाला तेव्हा मालक न्यायालयात गेले. आमचा धंदा स्थानिक आहे, केंद्राच्या कायद्याचा त्याच्याशी संबंध काय, असा त्यांचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयात हिशेब निघाला. वर्षभरात हॉटेलने सुमारे दीड लाख डॉलरचे अन्न खरेदी केले होते आणि त्यातले 46 टक्के हे राज्याबाहेरून आलेले मांस होते. 14 डिसेंबर 1964 रोजी निकाल लागला : कायदा या हॉटेललाही लागू. ताटातले मांस बाहेरचे चालते, तर दारातला माणूस का चालत नाही, हा साधा प्रश्न त्या कायदेशीर भाषेआड उभा होता.

आपल्याकडे हा प्रश्न राज्यघटनेनेच सोडवला होता. कलम 15 मध्ये उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने तिथली मनाई शिक्षापात्र ठरवली. ज्या देशात चहाचा वेगळा कप ठेवण्याची रीत होती, तिथे घटनाकारांना हॉटेलचा उल्लेख मुद्दाम करावा लागला. हायवेवरच्या हॉटेलात आज कोणी जात विचारत नाही. पैसे मोजले की ताट येते. ही साधी गोष्ट नाही.

बाहेर कोण उरले?

तरीही दारावरची रांग पाहताना एक मनात येते. बहुतेक हॉटेलांत भाकरी थापणाऱ्या बायका दर्शनी भागात, चुलीपाशी बसवलेल्या असतात. त्या दिसाव्यात, हीच धंद्याची जाहिरात. जेवायला येणाऱ्या बायकांसाठी मात्र आडोशाचा ‘फॅमिली विभाग’. म्हणजे राबणारी बाई रस्त्यावरून दिसली पाहिजे आणि जेवणारी बाई दिसता कामा नये. मटणाचा मान ‘आचाऱ्या’ला, भाकरीची मजुरी मावशीला.

दुसरा प्रश्न कंत्राटी कामगाराचा. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात, शंभर किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथे कंत्राटदाराने कँटीन द्यावे अशी तरतूद झाली. पण माणसे बदलत राहतात, करार संपत राहतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेला मुलगा महाळुंग्यात किंवा खराबवाडीत खोली घेतो आणि खोलीवरच भात-बटाटा शिजवतो. ज्या रस्त्यावर जपानी-कोरियन साहेबांसाठी त्यांच्या देशाचे जेवण मिळते, त्याच रस्त्यावरची मटणथाळी त्याच्या दिवसाच्या कमाईचा मोठा घास घेते. त्याला दारात कोणी अडवत नाही, दरपत्रक अडवते. पन्नास वर्षांपूर्वी आलेल्या सातारच्या पोराला कायमची नोकरी मिळाली, म्हणून त्याचे गाव थाळीत शिरले. आज आलेल्या पोराचे लिट्टी-चोखा अजून हातगाडीवरच आहे.

ऑलीजच्या खटल्यात न्यायालयाने विचारले होते, ताटात काय कुठून आले? आपल्या पट्ट्याचा इतिहास लिहिणाऱ्याने त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत : ते कोणी शिजवले, आणि शिजवणाऱ्याला वा गाडी बनवणाऱ्याला ते विकत घेता येते का? हातगाडीवरचा लिट्टी-चोखा ज्या दिवशी ‘गावरान’ थाळीत वाढला जाईल, त्या दिवशी हा मुलगा इथला झाला असे समजावे. त्याची नोंद कंपनीच्या अहवालात होणार नाही. ती हॉटेलच्या पाटीवर शोधावी लागेल.