महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थ्यांनी चालवायचे पर्यावरण उपक्रम

महाविद्यालयात शिकणाऱ्या, विशेषतः शिष्यवृत्तीच्या आधारावर वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही माहिती आहे. आवारातील कचरा, वीज आणि पाणी यांबाबत आपण स्वतः काय करू शकता, त्याला कोणत्या शासकीय कार्यक्रमांचा आधार मिळतो आणि आपण शिक्षण संपवून गेल्यावरही काम कसे चालू राहील, हे येथे सांगितले आहे.

हा विषय केवळ हौसेचा नाही. अनेक वसतिगृहांत महिन्याचा एकूण खर्च विद्यार्थ्यांमध्ये भागून मेसचे बिल काढले जाते. अशा ठिकाणी टाकून दिलेल्या भाताचे आणि भाजीचे पैसे आपल्याच निर्वाह भत्त्यातून जातात. एकत्र टाकलेला कचरा पुढे कोणाला तरी हाताने निवडावा लागतो. बहुतेक वेळा ते काम आवारातील सफाई कर्मचाऱ्यांवर येते.

शासकीय आधार कोणता?

सर्वांत जवळचा आधार म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस). २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास, सेवाकार्य करायचे असते. त्याशिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. आवारातील खतनिर्मिती, कचरा वर्गीकरण, पाण्याची तपासणी ही कामे या तासांत धरता येतात. मात्र ती आधी कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या वार्षिक आराखड्यात यायला हवीत. केलेले काम नंतर नोंदवून घेण्यापेक्षा जून-जुलैमध्येच आराखड्यात घालून घेणे सोपे जाते.

दुसरा आधार इको-क्लबचा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने २००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेना हा कार्यक्रम सुरू केला आणि त्यातून शाळांमध्ये, पुढे महाविद्यालयांमध्येही इको-क्लब उभे राहिले. हे काम राज्यातील नोडल संस्थेमार्फत चालते. राज्य बदलले की कार्यालयही बदलते. महाराष्ट्रात हरित सेनेचे काम सामाजिक वनीकरण विभागाकडे, मध्य प्रदेशात भोपाळच्या एप्को या संस्थेकडे, तर गुजरातमध्ये गांधीनगरच्या गीर फाउंडेशनकडे राहिले आहे. आपल्या महाविद्यालयात क्लब आहे की नाही, हे आधी कार्यालयात विचारा. पुष्कळ ठिकाणी तो फाईलमध्ये असतो, फक्त कोणाला आठवत नसतो.

तिसरा आधार अभ्यासक्रमाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशानंतर पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्यही ठेवले गेले. हे प्रकल्प मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याऐवजी आपल्याच मेसचा कचरा महिनाभर मोजून लिहिला, तर विषयाचे गुणही मिळतात आणि उपक्रमाला आकडेवारीही मिळते.

२० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील एकता नगर येथे सुरू झालेल्या 'मिशन लाइफ'मध्ये वीज, पाणी आणि प्लास्टिक वाचवण्याच्या रोजच्या सवयींवर भर आहे. आपले उपक्रम त्याच चौकटीत बसतात, त्यामुळे अर्जात त्याचा उल्लेख करावा.

सुरुवात वजनकाट्याने करा

फलक, घोषणा आणि रॅली नंतर होऊ द्या. पहिला आठवडा फक्त मोजमापाला द्या. मेसमध्ये दोन पिंपे ठेवा, एक ताटातल्या उष्ट्यासाठी आणि दुसरे पातेल्यात उरलेल्या अन्नासाठी. या दोन्हींची कारणे वेगळी असतात. ताटात उष्टे जास्त पडत असेल तर वाढण्याची पद्धत किंवा चव तपासावी लागते. पातेल्यात उरत असेल तर किती जण जेवणार याचा अंदाज चुकतो आहे.

समजा २०० विद्यार्थी जेवतात आणि प्रत्येकाच्या ताटात सरासरी ८० ग्रॅम उष्टे राहते. म्हणजे एका जेवणाला १६ किलो आणि दोन जेवणांना ३२ किलो. हा आकडा खडूने मेसच्या दारावरील फळ्यावर रोज लिहा, कोणाचेही नाव न लिहिता. ताटे तपासत उभे राहू नका. त्याने मुले चिडतात आणि जी मुले आधीच संकोचाने जेवतात ती कमी वाढून घेतात. शनिवार-रविवारी गावी जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी वहीत सही करावी, एवढ्या एका नियमाने पातेल्यातले उरणे बरेच कमी होऊ शकते.

मोजणी सुरू करण्यापूर्वी सफाईच्या मावशी, माळीकाका आणि मेसचे आचारी यांच्याशी बोला. कोणत्या दिवशी काय फेकले जाते हे त्यांना कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा चांगले माहीत असते. वर्गीकरणामुळे त्यांचे काम वाढणार की कमी होणार, हेही त्यांनाच विचारा.

खरकटे आणि पालापाचोळा एकत्र आणा

बहुतेक आवारांत दोन तक्रारी असतात. मेसच्या मागे खरकट्याचा वास येतो आणि मैदानाच्या कडेला पालापाचोळा जाळला जातो. या दोन्ही तक्रारींवर एकाच खड्ड्यात उपाय होतो. खरकट्यात ओलावा आणि नत्र जास्त असते, वाळलेल्या पानांत कर्ब जास्त असतो. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले की वास न येता कुजतात.

पाने जाळणे हा गुन्हाही आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. माळीकाकांना दोष देण्याआधी पाने टाकायला जागा दिली आहे का, ते पाहा.

जागा सावलीची आणि थोडी उंचावर निवडा, पावसाचे पाणी साचता कामा नये. विटांचा जाळीदार हौद असेल तर उत्तम, कारण कुजण्याला हवा लागते. तळाला काटक्यांचा थर द्या. मग एक बादली ओला कचरा आणि दोन ते तीन बादल्या सुकी पाने असे थर देत जा. सुरुवातीला शेणकाला, आंबट ताक किंवा जुन्या खताच्या दोन पाट्या विरजणासारख्या घाला. दररोजचा शेवटचा थर पानांचाच हवा. खरकटे उघडे राहिले की माश्या आणि कुत्री येतात आणि मग दुसऱ्याच दिवशी खड्डा बुजवण्याची मागणी होते. हाडे, फार तेलकट आणि खारट पदार्थ यात टाकू नका.

आठवड्यातून एकदा ढीग खालीवर करा. ओलावा पाहण्यासाठी मूठभर माल घेऊन दाबा. गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. पाणी गळत असेल किंवा आंबट वास येत असेल तर हवा कमी पडते आहे, पाने वाढवा आणि ढीग परता. काहीच घडत नसेल तर तो कोरडा पडला आहे, पाणी शिंपडा. काही दिवसांत ढीग आतून चांगलाच तापतो आणि थंडीच्या सकाळी परतताना त्यातून वाफ निघते. ते काम ठीक चालल्याचे लक्षण आहे. दोन ते तीन महिन्यांत खत काळपट आणि भुसभुशीत होते, त्याला पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास येतो. ते चाळून घ्या, जाडसर भाग पुन्हा खड्ड्यात टाका.

परीक्षा आणि सुट्टीचा काळ सर्वांत अवघड. मेस बंद झाली तरी ढीग परतावा लागतो. ही जबाबदारी आवारातच राहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे सोपवा आणि त्या जादा कामाचा मोबदला महाविद्यालयाने द्यावा, असे आधीच लेखी ठरवा.

सुका कचरा, सॅनिटरी कचरा, ई-कचरा

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वेगळे भाग करणे बंधनकारक झाले. दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांवर अधिक जबाबदारी टाकली गेली. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून सध्याच्या तरतुदी आपल्या नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून समजून घ्या. आपले वजनाचे आकडे येथेही उपयोगी पडतात.

मुलींच्या वसतिगृहात सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून, खूण करून वेगळ्या डब्यात टाकण्याची सोय हवी. हा विषय समितीच्या बैठकीत संकोचाने टाळला जातो आणि त्याचा त्रास तो कचरा हाताळणाऱ्या बाईंना होतो. बंद पडलेले संगणक आणि बॅटऱ्या भंगारात न देता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्याव्यात.

वीज आणि पाणी

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट. असे १०० पंखे रोज १० तास, वर्षातले २०० दिवस चालले तर फरक ९,००० युनिटचा पडतो. सर्व पंखे एकदम बदलण्याची मागणी मान्य होत नाही. जुना पंखा जळाला की नवा कमी विजेचा घ्यावा, हा ठराव मात्र सहज होतो.

पाण्यासाठी गळक्या नळाखाली रात्रभर बादली ठेवा आणि सकाळचे माप लिहून अर्जाला जोडा. छतावरील पावसाचा हिशेबही करून पाहा. १०० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, असे धरले तरी ८,००० लिटर पाणी मिळते.

स्नेहसंमेलन आणि वृक्षारोपण

केरळमध्ये २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा एकदा वापरून फेकायच्या वस्तू टाळून भरवण्यात आल्या होत्या. नंतर तेथे लग्ने आणि सरकारी कार्यक्रमांतही ही पद्धत रुजवण्याचे प्रयत्न झाले. स्नेहसंमेलनासाठी स्टीलची ताटे-पेले भाड्याने आणा आणि धुण्याची व्यवस्था आधी ठरवा. प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे, स्ट्रॉ, फुग्यांच्या काड्या, सजावटीचे थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कागदी पेल्यावर बंदी नसली तरी त्याच्या आत प्लास्टिकचा थर असतो, तो खड्ड्यात कुजत नाही.

झाडे लावताना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे आधी ठरवा. ते ठरत नसेल तर झाडे कमी लावा. त्याच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप लावून छायाचित्र काढण्यात अर्थ नाही.

परवानगी, खर्च आणि पुढची तुकडी

अर्ज प्राचार्यांच्या नावे करा आणि प्रत कार्यक्रम अधिकारी व अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला (आयक्यूएसी) द्या. नॅकच्या सात निकषांच्या चौकटीत सातव्या निकषाखाली पर्यावरण व ऊर्जा परीक्षणाची नोंद विचारली जाते. त्यामुळे आपल्या वहीतील आकडे महाविद्यालयालाही हवे असतात. अर्जासोबत मोजमापाचा तक्ता, जागेचा साधा नकाशा आणि खर्चाचा अंदाज जोडा. पोच घ्यायला विसरू नका. निधी विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक खात्यात येत नाही, तो संस्थेमार्फत खर्च होतो. योजनेत नाव घालून देतो असे सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका आणि प्राचार्यांना कळवा.

असे गट बहुधा तिसऱ्या वर्षाची मुले बाहेर पडली की बंद पडतात. म्हणून प्रमुखपद दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे द्या आणि त्याच्यासोबत पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी ठेवा. वजनाची वही, हौदाची किल्ली, भाड्याची भांडी देणाऱ्याचा आणि सुका कचरा नेणाऱ्याचा क्रमांक हे सारे मोबाईलमध्ये नव्हे, तर कार्यालयातील एका फाईलमध्ये ठेवा. ती फाईल मार्चमध्ये, परीक्षेपूर्वी, सही घेऊन पुढच्यांकडे द्या.

महाविद्यालयात एनएसएसचे एकक नसेल तर विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजना कक्षाकडे चौकशी करा. इको-क्लबसाठी राज्याच्या नोडल संस्थेकडे महाविद्यालयामार्फत पत्र पाठवावे लागते.