वेळेवर फेडणाऱ्याच्या खात्यात काय जमा झाले?

क्रेडिट कार्ड ठेवावे की बंद करावे, हे शहरातला नोकरदार वर्षाची फी आणि कॅशबॅक शेजारी मांडून ठरवतो. परभणी जिल्ह्याच्या पाथरी तालुक्यातल्या कापूस-सोयाबीनवाल्यानेही हाच हिशेब मांडायला हवा. त्याच्या किसान क्रेडिट कार्डावरही वेळेवर फेडीचे बक्षीस आहे, फक्त ते एका पानावर लिहिलेले सापडत नाही. केंद्राची अर्थसंकल्पी भाषणे, रिझर्व्ह बँकेची परिपत्रके, राज्याचे शासन निर्णय, बँकेचे पासबुक आणि सातबारा हे सगळे एकत्र वाचले तरच ते जुळते.

पाथरी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. संस्थानात सहकाराचा कायदा १९१४ साली आला, तरी १९३७ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर स्वतंत्र अहवाल लिहावा लागला. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के निघाला आणि धंदेवाईक व शेतकरी सावकार मिळून जवळपास ७० टक्के. पुढचा हिशेब समजायला सावकाराचे हे वजन लक्षात असले की पुरे.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या आर. व्ही. गुप्ता समितीचा अहवाल एप्रिल १९९८ चा. त्याच वर्षीच्या जूनमध्ये यशवंत सिन्हांनी अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची घोषणा केली आणि नाबार्डने नमुना योजना तयार केली. पहिले कार्ड म्हणजे एक पासबुकच. त्यावर नाव, पत्ता, जमिनीचा तपशील, कर्जमर्यादा, मुदत आणि पासपोर्ट आकाराचा फोटो. मर्यादेत राहून कितीदाही उचल करा, मात्र प्रत्येक उचल बारा महिन्यांत फेडा, अशी अट. या योजनेत वेळेवर फेडणाऱ्याला रोख काहीच नव्हते. त्याला मिळायची ती वाढीव मर्यादा. म्हणजे चांगल्या फेडीचे पहिले बक्षीस आणखी कर्ज हेच होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

केंद्राचे रोखीचे बक्षीस आले २००९ मध्ये. त्याआधी २००६-०७ पासून ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळू लागले होते. २९ फेब्रुवारी २००८ ला केंद्राची मोठी कर्जमाफी जाहीर झाली. तिच्यात लाभ थकबाकीदाराला, नियमित फेडणाऱ्याला काही नाही. पुढच्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी वेळेवर फेडणाऱ्याला १ टक्का सूट दिली, २०१०-११ मध्ये ती २ टक्के झाली आणि २०११-१२ मध्ये ३. क्रम कागदावर आहे. एकातून दुसरे आले, हा माझा तर्क, पण तो ओढूनताणून केलेला नाही. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना जुनीच. मार्च २०२१ च्या राज्य अर्थसंकल्पात ती वाढवली गेली आणि मुदतीत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्यावर आले.

एक लाखावर वर्षभराची केंद्राची सूट होते ३ हजार. आता हे ३ हजार जातात कुठे ते पाहू.

पाथरीत सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकले जाते. कापसाची वेचणी पुढे लांबते आणि भावाची वाट पाहत कापूस घरात पडून राहतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ऊस असेल तर त्याचे बिल कारखान्याच्या तारखेला येते. जिल्हा बँकेची आणि सोसायटीची वसुली मात्र मार्चअखेर, राज्याची सवलत ३० जूनच्या आत, आणि केंद्राची वाटपापासून एका वर्षात किंवा बँकेच्या तारखेला, जी आधी असेल तेव्हा. हातात पैसा नसला की नवे-जुने करायचे. कुणाकडून तरी लाख रुपये आणून खाते बेबाक करायचे, नवे कर्ज मंजूर झाले की ते पैसे परत द्यायचे. हे काम दोन दिवसांत झाले तर ठीक. पण सर्च रिपोर्ट आला नाही, साहेब रजेवर, सर्व्हर बंद, असे करत महिना गेला आणि उसने पैसे दरमहा शेकडा तीनने असले, तर त्या महिन्याचे व्याज ३ हजार. केंद्राने वर्षभराच्या शिस्तीबद्दल दिलेले सगळे बक्षीस एका महिन्यात सावकाराकडे गेले. पासबुकात हे कुठेच दिसत नाही. तिथे फक्त एक जमा आणि एक नावे.

‘फेडणारा मूर्ख ठरतो’ हे वाक्य पाथरीच्या पारावर ऐकू येते. ते कागदावर तपासायला हवे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी मिळाली. नियमित फेडणाऱ्याला फेडलेल्या कर्जाच्या २५ टक्के किंवा २५ हजार, यांत कमी असेल ते. लाखाच्या खात्याला म्हणजे २५ हजार, आणि शेजारच्या थकीत लाखाला पूर्ण माफी. ही तफावत खरी आहे आणि ती बोचते, हे नाकारून चालणार नाही. डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत मर्यादा २ लाख झाली. नियमितांचे ५० हजारांपर्यंतचे प्रोत्साहन मात्र जुलै २०२२ च्या शासन निर्णयापर्यंत रखडले.

पण या निर्णयांतल्या तारखा वाचा. २००८ ची घोषणा फेब्रुवारीतली, थकबाकीची तारीख ३१ डिसेंबर २००७. २०१७ चा निर्णय जूनमधला, थकबाकीची तारीख ३० जून २०१६. २०१९ चा निर्णय डिसेंबरचा, तारीख ३० सप्टेंबरची. तिन्ही वेळा तारीख मागे गेलेली. घोषणा ऐकून ज्याने हप्ता थांबवला, तो यांतल्या एकाही यादीत बसला नाही. २०२२ च्या प्रोत्साहनाचेही तसेच. २०१७-१८ ते २०१९-२० या तीनपैकी दोन वर्षे ज्याने आधीच फेडले होते, त्यालाच ते मिळाले. माफीची वाट पाहत थकीत राहणे हा हिशेब नाही, जुगार आहे, आणि त्याचा खर्चही आहे. थकीत खात्याला नवे पीककर्ज नाही. मग बी-बियाण्यासाठी लाखभर रुपये शेकडा तीनने आठ महिने वापरले तर २४ हजार. जून २०१६ ला थकलेल्याने माफीआधी दोन खरीप असे काढले असतील, तर ४८ हजार गेले.

कार्डावरची आणखी एक ओळ लक्ष न देता निघून जाते, ती पीकविम्याच्या हप्त्याची. २०१६ च्या योजनेत कर्जदाराला विमा सक्तीचा होता, म्हणून हप्ता परस्पर कापला जायचा. खरीप २०२० पासून विमा ऐच्छिक झाला. नको असेल तर तसे लेखी द्यावे लागते, तेही अंतिम तारखेच्या सात दिवस आधी. खरिपाच्या अन्नधान्याला नि गळिताला २ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत, हा फरक लाखाच्या खात्यावर जाणवतो.

ज्याचा माल मार्चपर्यंत विकला जातो आणि नवे-जुने घरच्या पैशांत होते, त्याने कार्ड सोडू नये. इतक्या स्वस्त भांडवलाला पाथरीत दुसरा पर्याय नाही. ज्याला दरवर्षी बेबाकीसाठी महिनाभर सावकाराचा पैसा वापरावा लागतो, त्याने मर्यादा निम्मी करून घ्यावी आणि माल विकला त्या आठवड्यातच खात्यात भरणा करावा. कार्डावर मधे भरायला १९९८ पासून कधीच बंदी नव्हती. ज्याला कर्जाची गरजच उरली नाही, त्याने कार्ड बंद करावे.

यंदा नवे-जुने करण्याआधी बँकेकडून गेल्या तीन वर्षांचा खातेउतारा मागा. केंद्राच्या आणि राज्याच्या सवलतीच्या रकमा त्यात जमा आहेत का, ते बोट ठेवून पाहा, नसतील तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कार्ड बंद करायचेच असेल तर बेबाकी प्रमाणपत्र तलाठ्याकडे द्या आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बँकेचा बोजा उतरल्याचा फेरफार हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.