स्टिअरिंगखालच्या दोन लिव्हर: जुन्या फोर्डचं हँडल मारण्याआधी काय तपासायचं?

विंटेज कार रॅलीचे रील्स तुम्ही पाहिले असतील. एक जण गाडीपुढे वाकतो, हँडल मारतो, इंजिन धडधडायला लागतं आणि लोक टाळ्या वाजवतात. पण त्याआधी ड्रायव्हरने स्टिअरिंगखालची एक छोटी लिव्हर वर सरकवलेली असते, आणि ते रीलमध्ये सहसा दिसत नाही. ती लिव्हर नीट काम करत नसेल तर टाळ्यांऐवजी थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जावं लागू शकतं.

हे आपण एका प्रसिद्ध गाडीच्या उदाहरणावरून समजून घेऊ. ती म्हणजे फोर्ड मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात या मॉडेलच्या दीड कोटींहून जास्त गाड्या बनल्या. फोर्डने १९२६मध्ये भारतात कंपनी काढली आणि मुंबईतही गाड्यांची जुळणी केली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या गप्पांमध्ये फोर्डचं नाव हमखास निघतं.

या दोन लिव्हर करतात काय?

मूळ अमेरिकी रचनेत स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला स्पार्कची लिव्हर असते आणि उजव्या बाजूला थ्रॉटलची. दोन्हींच्या सळया स्टिअरिंग कॉलमलगत खाली इंजिनपर्यंत जातात.

थ्रॉटलची लिव्हर म्हणजे या गाडीचा ॲक्सिलरेटर. मॉडेल टीमध्ये पायाखाली तीन पेडल असतात, पण त्यातलं एकही ॲक्सिलरेटरचं नाही. लिव्हर खाली आणली की वेग वाढतो, वर नेली की कमी होतो. ती जिथे ठेवाल तिथेच राहते. पाय उचलल्यावर आपोआप वेग कमी होण्याची सोय इथे नाही.

स्पार्कची लिव्हर सिलिंडरमध्ये ठिणगी कधी पडायची ते ठरवते. इंजिनच्या पुढच्या बाजूला टायमर नावाचा गोल भाग असतो. लिव्हर हलवली की सळई टायमरचं कवच थोडं फिरवते. लिव्हर वर असली की ठिणगी उशिरा पडते, खाली असली की लवकर. आजच्या गाड्यांमध्ये हे काम कॉम्प्युटर करतो.

मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सीतला हँड गिअर आठवतोय? त्यातही लिव्हर स्टिअरिंगजवळ आणि गिअरबॉक्स लांब असायचा, मध्ये सळया आणि जोड. इथेही कल्पना तीच आहे.

मग धोका कुठे आहे?

हँडल मारताना इंजिन अगदी हळू फिरत असतं. पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पडली तर स्फोट पिस्टनला उलट ढकलतो आणि हँडल जोरात उलटं फिरतं. त्यातून मनगटाजवळचं हाड मोडतं. असे अपघात इतके व्हायचे की अशा फ्रॅक्चरला डॉक्टरांनी 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणजे 'ड्रायव्हरचं फ्रॅक्चर' असं नाव दिलं. ते आजही वैद्यकीय पुस्तकांत आहे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. मॉडेल टीला मात्र स्टार्टरसाठी १९१९पर्यंत थांबावं लागलं.

म्हणून सुरू करताना स्पार्कची लिव्हर पूर्ण वर हवी. पण खरी अडचण पुढे आहे. लिव्हर वर आहे म्हणजे टायमरही मागे गेला आहे, असं नाही. मधले जोड झिजले असतील तर लिव्हर सरकते, पण टायमर जागचा हलत नाही.

तपासणी कशी करायची?

१. आधी गाडी बांधून ठेवा. इग्निशन बंद करा, किल्ली काढून घ्या. हँडब्रेक पूर्ण मागे ओढा. या गाडीत त्याच लिव्हरने क्लचही सुटतो. चाकांना लाकडी ठोकळे लावा. थंडीत तेल घट्ट झालं की क्लच चिकटून राहतो आणि सुरू होताच मॉडेल टी पुढे सरकू लागते. पुढे उभा असतो तो हँडल मारणारा!

२. दोघं मिळून पाहा. एकाने लिव्हर हलवायची, दुसऱ्याने बॉनेट उघडून टायमर आणि कार्बोरेटर पाहायचा. कोणती लिव्हर कशाची, हेही याच वेळी पक्कं करा. शंभर वर्षांत कोणी काय बदललं असेल ते सांगता येत नाही. लिव्हर किती खाचा सरकल्यावर टायमर हलायला लागतो ते मोजा. हे अंतर म्हणजे जोडांमधला 'प्ले'.

३. लिव्हर जागेवर राहत नाही? स्टिअरिंगखाली अर्धगोल दातेरी पट्टी असते आणि लिव्हर तिच्या खाचांमध्ये अडकते. दाते झिजले असतील किंवा लिव्हरचं टोक पट्टीवर दाबून बसत नसेल, तर धक्क्यांनी लिव्हर आपोआप सरकते. टोक थोडं वाकवून दाब वाढवता येतो. दातेच गुळगुळीत झाले असतील तर पट्टी बदलावी लागते.

४. लिव्हर जड जाते? जोर लावू नका. आधी खालचा जोड सोडा आणि लिव्हर पुन्हा हलवा. आता हलकी झाली तर दोष टायमरच्या किंवा कार्बोरेटरच्या बाजूला आहे. अजूनही जड असेल तर वाळलेलं ग्रीस किंवा वाकलेली सळई शोधा. टायमरच्या वायर कडक असतील तर त्याही कवचाला नीट फिरू देत नाहीत. साफ करून पातळ तेल दिलं की बऱ्याचदा काम भागतं.

५. जोड ढिले आहेत? सळईचं वाकवलेलं टोक ज्या भोकात बसतं, ते भोक झिजून लांबट होतं. टोकही बारीक होतं. प्रत्येक जोडात थोडा थोडा प्ले असला तरी सगळे मिळून तो मोठा होतो. भोक भरून पुन्हा पाडून घ्या किंवा नवी सळई लावा. प्रत्येक जोडाला स्प्लिट पिन हवीच. तारेने बांधून वेळ मारून नेऊ नका.

६. टायमिंग खरंच मागे जातं का? ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. पेट्रोलचा कॉक बंद करा. चारही प्लग काढा आणि वायरसकट इंजिनच्या धातूवर टेकवून ठेवा. आसपास पेट्रोलचा वास येत नाही ना, हे पाहा. स्पार्कची लिव्हर पूर्ण वर ठेवा, इग्निशन बॅटरीवर सुरू करा आणि हँडल अगदी हळू फिरवा. प्लग काढल्यामुळे आत दाब तयार होत नाही, त्यामुळे हँडल उलटं फिरत नाही.

मॉडेल टीच्या कॉइल ठिणगी देताना गुणगुणतात. पहिल्या सिलिंडरची कॉइल कधी बोलते ते ऐका. पिस्टन सगळ्यात वर जाऊन किंचित खाली यायला लागल्यावर आवाज यायला हवा. आधीच आला तर ती गाडी हँडल मारून सुरू करण्यालायक नाही. टायमरची सळई थोडी वाकवून तिची लांबी जुळवतात. एका वेळी अगदी थोडंच वाकवा आणि पुन्हा ऐका. पण ही जुळवणी पाचवी पायरी झाल्यावरच करा. ढिल्या जोडांवर केलेली जुळवणी टिकत नाही.

७. थ्रॉटल पूर्ण बंद होतो का? लिव्हर वर असताना कार्बोरेटरची झडप तिच्या स्क्रूला टेकली पाहिजे. खाली आणल्यावर ती पूर्ण उघडली पाहिजे आणि परत येताना कुठेही अडकता कामा नये. ती रस्त्यात उघडी अडकली तर इग्निशन बंद करणं हाच खात्रीचा उपाय. त्यामुळे स्विच कुठे आहे हे चालवणाऱ्याला अंधारातही सापडलं पाहिजे.

चालताना गाडी काय सांगते?

- इंजिन लवकर तापतं, ताकद लागत नाही: ठिणगी उशिरा पडत असावी. लिव्हर खाली आणूनही टायमर पुढे जात नाही का, ते पाहा.
- चढावर खडखड आवाज येतो: ठिणगी फार लवकर पडत असावी. लिव्हर थोडी वर घ्या.
- खड्ड्यातून गेल्यावर वेग आपोआप बदलतो: थ्रॉटलची लिव्हर खाचेतून सरकतेय.
- स्टिअरिंगच सैल वाटतं: हा वेगळा दोष आहे. या दोन सळयांचा त्याच्याशी संबंध नाही. तो दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका.

आणि शेवटी, हँडल कसं धरायचं?

जुन्या ड्रायव्हरांचा नियम साधा होता. डावा हात वापरा. अंगठा मुठीभोवती गुंडाळू नका, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल खालून वर ओढा, वरून खाली कधीही दाबू नका. ते उलटं फिरलंच तर बोटांतून सुटून जातं.

हा नियम दुसरा बचाव आहे. पहिला बचाव म्हणजे स्टिअरिंगपासून टायमरपर्यंतचा प्रत्येक जोड. तुमच्या घरी, गॅरेजमध्ये किंवा ओळखीत अशी गाडी असेल, तर पुढच्या रॅलीआधी कोणाला तरी बॉनेटपाशी उभं करा, लिव्हर वर करा आणि एकच प्रश्न विचारा: "टायमर हलला का?"