‘आपण’ की ‘आम्ही’?

माणसं कडव्या उजव्या विचारांकडे का ओढली जातात? द्वेषामुळे, असं आपण चटकन म्हणतो. इतिहासातली एक नोंद मात्र वेगळं सांगते.

१९३४ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ थिओडोर एबल यांनी जर्मनीत एक निबंधस्पर्धा जाहीर केली. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच त्याच्या पक्षात गेलेल्यांनी आपली जीवनकहाणी लिहायची. बक्षिसं होती ४०० मार्कांची. ६८३ जणांनी लिहून पाठवलं.

या कहाण्यांत महायुद्धातला पराभव आहे, १९२३ च्या महागाईत मातीमोल झालेली बचत आहे, १९२९ नंतरची बेकारी आहे. १९२८ मध्ये या पक्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास मतं होती. जुलै १९३२ मध्ये ती ३७ टक्क्यांवर गेली. पण भाकरीइतकीच या माणसांना भूक होती ती कुणाचं तरी असण्याची. पुढे पीटर मर्कल यांनी शिल्लक ५८१ कहाण्या तपासल्या. सुमारे एक तृतीयांश लोकांना मुख्य ओढ होती ती देशबांधवांच्या एकजुटीची. ज्यूद्वेष हेच मुख्य कारण असणारे त्याहून पुष्कळ कमी होते. हिटलरच्या राज्यात लिहिलेल्या या कहाण्या सावधपणेच वाचायला हव्यात. तरी त्यांतला एकाकीपणा खोटा वाटत नाही. गणवेश, संचलन, समूहगान. कारकून आणि मजूर एका रांगेत. एकट्याला खांदा मिळाला.

परंपरेवर प्रेम, शिस्तीची आवड, देशाचा अभिमान यांत वाईट काही नाही. प्रश्न रांगेबाहेरच्यांचा आहे. मी मराठीत कविता लिहितो. माझ्या भाषेनं मला दोन शब्द दिले : ऐकणाऱ्याला पोटात घेणारा ‘आपण’ आणि त्याला उंबऱ्याबाहेर ठेवणारा ‘आम्ही’. जर्मन भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे. त्या एकजुटीची हाक ‘आपण’सारखी ऐकू आली, अर्थ मात्र ‘आम्ही’ असा होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी सुमारे बारा हजार ज्यू सैनिकांनी प्राण दिले होते. तरी १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं.

मला अस्वस्थ करतात ते द्वेष न करणारे. त्यांना फक्त सोबत हवी होती. तिची किंमत शेजाऱ्यानं मोजली, आणि ते रांगेतच उभे राहिले. म्हणून ‘आपण’ म्हणत कुणी साद घातली, की मी आधी विचारतो : यात माझा शेजारी आहे ना? अल्पसंख्य समाजात जन्मलेल्याला हा प्रश्न लवकर सुचतो, इतकंच. विचारायचा मात्र तो सगळ्यांनीच.