परळचा शिव आणि स्पर्शाचा प्रश्न

मुंबईतील प्राचीन शिल्पांमध्ये परळच्या शिवप्रतिमेचे स्थान आगळे आहे. १९३१ मध्ये परळ परिसरात रस्त्याचे काम सुरू असताना ती सापडली. सुमारे साडेतीन मीटर उंचीच्या एकाच शिळेवर मध्यभागी एकावर एक तीन आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशी शिवाची सात रूपे कोरलेली आहेत. पायथ्याशी वाद्ये वाजवणारे गण आहेत. हे शिल्प इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील मानले जाते. बारादेवी मंदिरात त्याची आजही पूजा होते. त्याच वेळी ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संरक्षित स्मारकही आहे. प्राचीन शिल्पाला हात लावू द्यावा का, हा प्रश्न येथे दोन्ही अंगांनी उभा राहतो.

तळहाताचा घाम, तेल व क्षार दगडाच्या पृष्ठभागावर उतरतात. तेलकट थरावर धूळ बसते, क्षार रंध्रांत शिरून पृष्ठभाग पोखरतात, तर वारंवार होणाऱ्या घर्षणाने कोरीवकामाच्या कडा बोथट होतात. एका स्पर्शाने काही बिघडत नाही. बिघडते ते हजारो स्पर्शांच्या बेरजेने. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकातील ब्राँझच्या पुतळ्याचे पाऊलदेखील भाविकांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झाले आहे.

पंढरपूरला हीच चिंता वेगळ्या स्वरूपात दिसते. विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकवणे हा वारकऱ्यांच्या भक्तीचा गाभा आहे. मात्र मूर्तीची झीज रोखण्यासाठी तिच्यावर वेळोवेळी वज्रलेप करावा लागला; जून २०२० मध्येही तो करण्यात आला. लेपाने झीज मंदावते, परंतु गेलेला दगड परत येत नाही.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची हानी करणे वा ते विद्रूप करणे हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र नावे कोरणारा आणि श्रद्धेने हात टेकणारा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. शिवाय ज्यांना दृष्टी नाही, त्यांच्यासाठी स्पर्श हेच दर्शन असते.

यावर प्रतिकृती हा मार्ग आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे दालन सुरू केले. तेथे प्रतिकृती हाताळून अंध व्यक्तींना कलाकृती जाणून घेता येतात. परळच्या शिवाची प्रतिकृतीही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पूजेचा अधिकार अबाधित ठेवून पर्यटकांचा हात अशा प्रतिकृतींकडे वळवणे, हाच व्यवहार्य मध्यममार्ग ठरतो. सुमारे दीड हजार वर्षे टिकलेला दगड पुढच्या पिढीच्या हाती सोपवायचा, तर आजच्या पिढीने आपला हात आवरता घ्यायला हवा.