तारुण्यपिटिका आणि ताक : आळेफाट्याच्या मुलखातून एका उपचाराचा इतिहास

तारुण्यात चेहऱ्यावर उठणाऱ्या मुरमांवर जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूल घेण्याचा उपचार अलीकडचा आहे. तरीही त्याची भलामण करताना दह्याताकाच्या जुन्या परंपरेचा दाखला हमखास दिला जातो आणि पूर्वजांना हे सारे आधीच ठाऊक होते, असे गृहीत धरले जाते. ही समजूत पारखून पाहण्यास जुन्नर तालुक्यातील आळेफाट्याचा परिसर विशेष उपयोगी पडतो. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, त्या चौकाभोवतीच्या गावांत घरचे विरजण, डेअरीचे दूधसंकलन, कारखान्यातील डबाबंद दही आणि औषधदुकानातील कॅप्सूल हे सारे टप्पे थोड्याच पिढ्यांच्या अवधीत एकामागून एक आले. हा क्रम आणि त्यामागील वैद्यकीय विचार एकत्र ठेवून पाहिले, तर मुरमांवर आंबवलेल्या दुधाचा उपाय हा आयुर्वेदाचा वारसा ठरत नाही. तो विसाव्या शतकातील पाश्चात्त्य वैद्यकातून आला, आणि आपल्या परंपरेने दह्याविषयी जे सांगून ठेवले होते ते याहून पुष्कळ सावध होते.

या मुलखाचे गुराढोरांशी नाते फार जुने आहे. कोकणातील बंदरांकडून जुन्नरमार्गे प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे, जाणाऱ्या व्यापारी मार्गावर नाणेघाट लागतो, आणि तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो शिलालेख आहे त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या हजारो गायींची नोंद आहे. आळेफाट्याला लागून असलेल्या आळे गावात तर, ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखाने वेद वदविले असे वारकरी परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी आजही पूजली जाते. दूध, दही, ताक, लोणी आणि तूप ही येथील शेतकरी कुटुंबांची केवळ अन्नद्रव्ये नव्हती. घरातील औषधांचे पहिले फडताळही तेच होते. म्हणूनच त्यांच्याविषयी शास्त्र काय म्हणत होते, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

सुश्रुतसंहितेने मुरमांची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे ज्यांची लक्षणे व चिकित्सा थोडक्यात सांगता येते अशा किरकोळ विकारांत, केली आहे. कफ, वात आणि रक्त यांच्या दुष्टीमुळे तरुणांच्या मुखावर सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या येतात आणि त्यांना मुखदूषिका म्हणावे, असे तेथे सांगितले आहे; पुढील ग्रंथांतून आणि वैद्यांच्या बोलण्यातून तारुण्यपिटिका हे नाव अधिक रूढ झाले. त्यावरील मुख्य उपचार म्हणून सुश्रुताने वमन, म्हणजे औषध देऊन करविलेली उलटी, सांगितले आणि जोडीला वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी, धने व कोष्ठ यांतून घडविलेले लेप दिले. या उपायांत दही नाही आणि ताकही नाही. वमनाची योजना मात्र लक्षात घेण्यासारखी आहे, कारण चेहऱ्यावरच्या विकाराचे मूळ पोटाच्या वरच्या भागात साचणाऱ्या कफात शोधण्याची दृष्टी तिच्यामागे उभी आहे. पोट आणि त्वचा यांचा संबंध या वैद्यकाने मानलाच होता, फक्त त्या संबंधावर आधारलेला त्याचा उपाय दह्यातून जात नव्हता.

दह्याविषयीचे मत तर उलटच होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दही रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये, आणि तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांपैकी कशाचीतरी जोड दिल्यावाचून खाऊ नये, असे नियम घातले आहेत. आणि ते मोडणाऱ्याला ज्या विकारांचे भय दाखविले आहे त्यांत ज्वर, रक्तपित्त व पांडुरोगाबरोबर विसर्प आणि कुष्ठ हेही आहेत. विसर्प म्हणजे त्वचेवर वेगाने पसरणारी दाहयुक्त लाली, आणि कुष्ठ हा शब्द त्या काळी महारोगापुरता मर्यादित नसून त्वचेच्या बहुतेक चिवट विकारांना लावला जाई. दही अभिष्यंदी आहे, म्हणजे ते शरीरातील सूक्ष्म मार्गांत ओलसर चिकटपणा वाढवून त्यांना अवरोध करते, हे त्यामागचे कारण दिले जात असे. म्हणजे ज्या पदार्थाला आज मुरमांवरील देशी औषध म्हणून पुढे केले जाते, त्याचा बेबंद वापर त्वचेला बाधतो, असे चरकाचे सांगणे आहे.

ताकाचे तसे नव्हते. दही घुसळून, त्यात पाणी घालून आणि लोणी काढून घेतल्यावर उरणारे तक्र हे चरकाने मूळव्याधीवर आणि ग्रहणीवर, म्हणजे अन्न नीट न पचता वारंवार शौचास लावणाऱ्या जुनाट विकारावर, श्रेष्ठ औषध मानले. ते हलके, तुरट-आंबट आणि भूक वाढविणारे आहे, असे त्याचे गुण सांगितले गेले. त्वचेसाठीही ताक वापरले जाई, परंतु ते बाहेरून; गजकर्णावर टाकळ्याचे बी ताकात वाटून लावण्याचा घरगुती उपाय महाराष्ट्रात सर्वत्र माहीत होता. एकाच गाडग्यातून निघणाऱ्या दोन पदार्थांना शास्त्राने इतकी वेगळी वागणूक द्यावी, हे त्या निरीक्षणशक्तीचे मोठेपण आहे, आणि दही व ताक यांना सरसकट एका मापाने मोजून परंपरेचे नाव घेणारे आजचे लेखन त्या मोठेपणावर अन्याय करते.

घरोघरच्या व्यवहारातही ताकाचे स्थान वेगळे होते. सायीसकट दुधाला विरजण लावून, पहाटे रवीने घुसळून लोणी काढले जाई. लोण्याचे तूप टिकाऊ असल्यामुळे ते बाजाराला जाई किंवा सणासाठी राखले जाई, आणि ताक मात्र पैशांत न मोजता घरच्या माणसांना, गड्यांना आणि शेजाऱ्यांना वाटले जाई. दुसऱ्याच्या दारी ताक मागण्यास जाणे हा इतका नित्याचा व्यवहार होता की, ताकाला जाऊन भांडे लपवू नये ही म्हणच त्यातून घडली. आदल्या दिवशीच्या दह्याचा चमचाभर अंश दुसऱ्या दिवशीच्या दुधात जात असल्यामुळे लॅक्टोकॉकस, ल्युकोनॉस्टॉक आणि लॅक्टोबॅसिलस या गटांतील आम्लकारी जिवाणूंचे मिश्र कुटुंब घरात पिढ्यानुपिढ्या पोसले जाई. दुधातील शर्करेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करून दूध थिजविणारे जिवाणू ते हेच. ऋतू, भांडे आणि जनावर बदलले की या कुटुंबाची घडणही बदलत असे.

हा क्रम दुधाला शहराची बाजारपेठ मिळाली तेव्हा मोडला. मुंबईसाठी १९४९ मध्ये आरे येथे दूधवसाहत उभी राहिली, पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची कात्रजची डेअरी १९६० पासूनची आहे, उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने कृत्रिम रेतनाने संकरित गायी वाढविण्याचे काम हाती घेतले, आणि १९७० मध्ये दूध महापूर योजना देशभर सुरू झाली. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी आणि कालव्यांनी चाऱ्याचे पाणी आणल्यावर जुन्नर-आंबेगावच्या गोठ्यांत गावठी गायींच्या जागी जर्सी व होल्स्टीन रक्ताच्या गायी बांधल्या गेल्या. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणे, फॅट आणि एसएनएफ यांवर, म्हणजे स्निग्धांश व स्निग्धेतर घनांशावर, दर मिळणे आणि ठरावीक दिवसांनी पगार होणे हा कुटुंबाच्या अर्थकारणाचा कणा झाला. हे मोठे आणि हितकारक परिवर्तन होते, यात शंका नाही. त्याने असंख्य मुलामुलींची शिक्षणे झाली. परंतु जे दूध पूर्वी घरातच आंबत असे, ते आता द्रवरूपातच घराबाहेर पडू लागले आणि पहाटेची घुसळण अनेक घरांतून थांबली. १९९२ मध्ये आंबेगाव तालुक्यातील मंचर येथे देवेंद्र शहा यांनी पराग मिल्क फूड्स हा उद्योग उभारला आणि गोवर्धन या नावाने तूप, चीज व दही बाजारात आणले. त्यामुळे याच शिवारातील दूध कारखान्यात मोजूनमापून निवडलेल्या विरजणाने आंबून, डब्यात भरून परत याच भागातील दुकानांत येऊ लागले.

युरोपात मात्र या जिवाणूंचा वैद्यकीय विचार त्याआधीच सुरू झाला होता. बल्गेरियाचे स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये आपल्या देशातील दह्यातून एक दंडाकार जिवाणू वेगळा केला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील इल्या मेचनिकॉव्ह यांनी, मोठ्या आतड्यात कुजणाऱ्या द्रव्यांचे विष शरीरात भिनून म्हातारपण लवकर येते आणि आम्लकारी जिवाणू ती कूज रोखतात, असा सिद्धान्त मांडला. त्यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशास्त्रातील कार्याबद्दल, दह्याबद्दल नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण या दोन गोष्टींची गल्लत वारंवार केली जाते. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठातील लिओ रेटगर यांनी बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात तग धरत नाही, तर लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस धरतो, असे दाखविल्यावर अ‍ॅसिडोफिलस घालून आंबवलेल्या दुधाची लाट आली.

मुरमांशी हा धागा जोडला गेला तो १९३० मध्ये. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ जॉन स्टोक्स आणि डोनाल्ड पिल्सबरी यांनी असे प्रतिपादन केले की, चिंता व उदासी यांमुळे आतड्यातील जिवाणूंची घडण बिघडते, आतड्याचे अस्तर अधिक झिरपणारे होते, आणि त्यातून शरीरभर जो दाह उत्पन्न होतो तो त्वचेवर प्रकटतो. यावर त्यांनी अ‍ॅसिडोफिलस दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल सुचविले. ही मांडणी त्या काळी पुराव्याहून तर्कावर अधिक उभी होती, परंतु मन, आतडे आणि त्वचा यांना एका सूत्रात बांधण्याचे तिचे धाडस खरे होते, आणि आजच्या कॅप्सूलचा वैचारिक उगम शोधायचा तर तो येथेच सापडतो.

या मांडणीचा विसर पडला तो प्रतिजैविकांमुळे. आळेफाट्याहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गाच्या पुण्याच्या टोकाला, पिंपरी येथे, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि जिवाणू मारणाऱ्या औषधांचे युग या जिल्ह्याच्या दारात आले. जगभर मुरमांसाठी टेट्रासायक्लिन गटातील गोळ्या महिनोन्‌महिने दिल्या जाऊ लागल्या, कारण त्वचेच्या तैलग्रंथीत राहणारा, आज क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस या नावाने ओळखला जाणारा जिवाणू त्यांनी दबतो आणि दाह ओसरतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या जिवाणूचे औषधाला न जुमानणारे वाण आढळू लागले, आणि दीर्घकाळच्या गोळ्यांनी आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचेही नुकसान होते याची जाणीव वाढली. तेव्हा जुनी कल्पना पुन्हा वर आली.

या कल्पनेच्या बाजूचा पुरावा मात्र जपून वाचावा लागतो. बाल्टिमोरचे वैद्य रॉबर्ट सिव्हर यांनी १९६१ मध्ये ३०० रुग्णांना लॅक्टोबॅसिलसच्या गोळ्या देऊन सुमारे ८० टक्क्यांत काही ना काही सुधारणा नोंदविली, पण तुलनेसाठी गोळी न घेणारा गट ठेवला नव्हता, आणि मुरूम हा आपसूक कमीजास्त होणारा विकार असल्यामुळे त्या आकड्याचे मोल फार लावता येत नाही. २०१० मधील कोरियन अभ्यासात ३६ रुग्णांना १२ आठवडे आंबवलेले दूध दिले गेले आणि निम्म्यांच्या दुधात लॅक्टोफेरिन हे दुग्धप्रथिन मिसळले होते; लॅक्टोफेरिन घेणाऱ्यांचे मुरूम अधिक घटले. हा अभ्यास दह्याच्या बाजूने सर्रास पुढे केला जातो, पण आंबवलेले दूध दोन्ही गटांना मिळत होते, तेव्हा त्यांच्यातील फरकाचे श्रेय लॅक्टोफेरिनलाच द्यावे लागते. २०१३ मध्ये कॅनडात ४५ स्त्रियांवर झालेला अभ्यास अधिक अर्थपूर्ण वाटतो, कारण त्यात प्रतिजैविक, जिवाणूंच्या कॅप्सूल आणि दोन्ही एकत्र अशी तुलना होती. आठव्या आणि बाराव्या आठवड्यात दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचे मुरूम सर्वांत कमी होते. म्हणजे आजवरचा पुरावा या कॅप्सूलला मुख्य औषधाची जोड म्हणून जागा देतो, त्या औषधाची बदली म्हणून नव्हे. आणि हे अभ्यास इतके लहान आहेत की तीही जागा अजून कच्चीच आहे.

याच काळात दुधाविषयीही एक वेगळी नोंद पुढे आली आणि दुधावर जगणाऱ्या मुलखाने ती न घाबरता, पण गांभीर्याने समजून घ्यावी अशी आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून २००५ मध्ये असे दिसले की, शाळकरी वयात अधिक दूध, विशेषतः साय काढलेले दूध, पिणाऱ्यांत मुरमांची आठवण अधिक होती. त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही दुधाने रक्तातील इन्सुलिनसदृश वाढकारक द्रव्य वाढते आणि ते तैलग्रंथींना चेतविते, ही उपपत्ती आता त्वचाविज्ञानात गंभीरपणे घेतली जाते, आणि व्यायामशाळांत खपणाऱ्या व्हे प्रथिनाच्या भुकटीवरही तोच संशय आहे. चरकाच्या अभिष्यंदी या कल्पनेशी तिची गाठ घालण्याचा मोह होतो. परंतु दोन्हींची भाषा आणि निरीक्षणाची साधने इतकी भिन्न आहेत की तो मोह आवरणेच रास्त ठरते.

प्रोबायोटिक या शब्दाला २००१ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या अर्जेंटिनातील तज्ज्ञ बैठकीने निश्चित अर्थ दिला : पुरेशा संख्येने घेतले असता घेणाऱ्याच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. भारतात वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाच्या मात्रेत सामान्यतः किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत आणि वेष्टणावर जिवाणूचा वंश, जाती व वाण लिहिलेला असावा, असे बंधन घातले. या कसोटीवर घरचे ताक प्रोबायोटिक ठरत नाही, कारण त्यातील जिवाणूंची ओळख आणि संख्या रोज बदलते. त्यामुळे ते कमी गुणाचे अन्न होत नाही, मात्र त्याला औषधाचे प्रमाणपत्र देता येत नाही. कॅप्सूललाही ते सरसकट देता येत नाही. अतिसारावर उपयोगी पडलेला वाण मुरमांवर उपयोगी पडेलच असे नाही, म्हणून आळेफाट्याच्या औषधदुकानात अशी कॅप्सूल मागणाऱ्या तरुणाने वेष्टणावरील वाणाचे नाव त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून तो वाण मुरमांसाठी तपासला गेला आहे का हे विचारावे, आणि आधीपासून चालू असलेले औषध त्यांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये.