मृत्युपत्रात सापडलेला काळ

एमिली ब्राँटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’चा काळ शोधायचा कशाला, असं कुणी म्हणेल. कादंबरीचा पहिला शब्दच मुळी ‘१८०१’ आहे. पण ते साल भाडेकरू लॉकवुड ही हकिगत ऐकायला बसतो तेव्हाचं. हकिगत त्याआधीच्या तीस वर्षांची, आणि तिथे साल सांगताना लेखिकेचा हात फार आखडता. घर सांभाळणारी नेली डीन ओघात १७७८चा उन्हाळा सांगते. हेअरटन त्या जूनमधला. धाकटी कॅथी २० मार्चची, हे कळतं. साल मात्र वयांवरून काढावं लागतं. ते येतं १७८४.

सी. पी. सँगर या बॅरिस्टरांनी ही सगळी मांडणी केली. त्यांची पुस्तिका वुल्फ दांपत्याच्या होगार्थ प्रेसने १९२६मध्ये काढली. तिच्या आधाराने मीही पेन्सिलीने वयं मांडत बसलो. एका जागी अडलो. १७७८ला अजून तेवीस वर्षं पुरी व्हायचीत, असं नेली म्हणते. बोलते आहे १८०१च्या हिवाळ्यात. साडेतेवीस होतात! ही चूक मी नेलीच्या खाती टाकली.

मला अधिक मोलाचा वाटला तो सँगरांनी कायद्याच्या अंगाने घेतलेला शोध. समजा, पुस्तकातले सगळे आकडे खोडले. तरी कॅथीचा आजारी नवरा लिंटन उरतो. सतराच्या आसपासचं पोर. मरण्यापूर्वी तो स्वतःची आणि बायकोकडून आलेली जंगम मालमत्ता बापाच्या, म्हणजे हीथक्लिफच्या, नावे करतो. जमीन मात्र अज्ञान असल्यामुळे त्याला देता येत नाही. हा भेद नेमका जुन्या इंग्रजी कायद्यातला: जंगम मालमत्तेचं मृत्युपत्र चौदाव्या वर्षापासून, जमिनीचं एकविसाव्यापासून. १८३७च्या कायद्याने दोन्हींना एकवीसची अट घातली. तो १८३८पासून लागू झाला. म्हणजे गोष्ट त्याआधीचीच. कादंबरी छापली गेली १८४७मध्ये, तेव्हा हे मृत्युपत्र रद्दबातल ठरलं असतं आणि निम्मी जंगम मालमत्ता विधवा कॅथीला मिळाली असती. एमिलीने तिला जुन्याच कायद्यात ठेवलं आहे.

राहिली जमीन. सँगरांच्या मते तिच्यावर हीथक्लिफचा हक्क नव्हताच. पण दावा लावायला कॅथीजवळ ना पैसा होता, ना पाठीशी माणूस.